जपानी येत नाही? बाराखडी तर येते!

टूरबरोबर न जाता, स्वतः तिकिटं काढून, स्वतः हॉटेलं ठरवून जपानला जायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "अगं, पण तिथे इंग्रजी कुणाला येतं?" माझ्या आईनेही तोच विचारला होता, आणि तिला तर माझ्याबरोबर यायचं होतं. प्रश्न रास्त आहे. मोठ्या स्टेशनांवर, हॉटेलच्या काउंटरवर इंग्रजीत निभावतं. गल्लीतल्या खानावळीत, गावाकडच्या बसमध्ये, औषधाच्या दुकानात निभावत नाही. तिथे हातात काय असावं, कोणत्या क्रमाने तयारी करावी, ते पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी इथे सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती मला कुणी सांगितली नव्हती. मराठी माणसाला जपानीचं जेवढं वाटतं तेवढं परकेपण नाही. अक्षरं वेगळी आहेत, शब्द वेगळे आहेत. पण अक्षरमालेचा क्रम आपला आहे आणि वाक्याची ठेवणही आपली आहे. पंधरा दिवस रोज अर्धा तास दिलात तर हे तुमचं तुम्हालाच दिसेल.

पहिली पायरी: मुक्काम कमी करा

भाषा येत नसताना सगळ्यात जास्त दमछाक होते ती शहर बदलण्याच्या दिवशी. नवीन स्टेशन, नवीन हॉटेल, सामान, पुन्हा सगळी विचारपूस. म्हणून दहा-बारा दिवसांत सहा गावं करू नका. टोकियो आणि क्योटो किंवा ओसाका असे दोन तळ पुरेत. क्योटोहून ओसाका अर्ध्या तासावर, नारा पाऊण तासावर. सकाळी जा, संध्याकाळी परत या. तिसऱ्या दिवसापासून हॉटेलजवळचं स्टेशन ओळखीचं होतं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातली बाई ओळखीचं हसते. या ओळखीचा आधार फार मोठा असतो.

सगळीकडे फिरवणाऱ्या जेआर पासचा, म्हणजे जपान रेल्वेच्या पासचा मोहही सोडा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० वरून ५०,००० येनवर गेला. टोकियो-क्योटो शिंकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं एका बाजूचं तिकीट साधारण १४,००० येन आहे. एवढ्याच प्रवासासाठी पास परवडत नाही, सुटी तिकिटं काढा.

दुसरी पायरी: दहा दिवसांत काताकाना

जपानी लिहायला तीन लिप्या लागतात. कांजी म्हणजे चिनी चित्राक्षरं, ती हजारोंनी आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या जातात, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं. त्यातली काताकाना आधी शिका.

कारण असं, की बाहेरच्या भाषांतून आलेले शब्द जपानी लोक काताकानात लिहितात, आणि ते शब्द आपल्याला आधीच येतात. होतेरु म्हणजे हॉटेल. तोइरे म्हणजे टॉयलेट. बासु, ताकुशी, कोही, मिरुकु, चीझु, राइसु, सारादा, तोमातो. मोठ्याने वाचलंत की अर्थ आपोआप उमगतो. ब्रेडला ते 'पान' म्हणतात, आणि हा शब्द पोर्तुगीज 'पाँव'वरून आला आहे. आपला पावही त्याच शब्दावरून. पोर्तुगीज जहाजं गोव्यातही आली आणि नागासाकीतही गेली, त्याची ही खूण.

आता क्रम बघा: अ, इ, उ, ए, ओ. मग का, कि, कु, के, को. पुढच्या ओळी सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशा चालतात. कंठापासून ओठांपर्यंत येणारी आपली वर्णमालाच ही, मधली काही घरं गाळलेली. हा योगायोग नाही. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्र शिकण्यासाठी सिद्धम् लिपीचा अभ्यास केला, आणि त्या अभ्यासातून जपानी अक्षरांना हा क्रम मिळाला. सिद्धम् आणि देवनागरी दोन्ही ब्राह्मीच्याच कुळातल्या.

म्हणून पाठ करायची पद्धतही बाराखडीचीच ठेवा. रोज एक ओळ, दहा दिवसांत दहा ओळी. वहीत गिरवा आणि मोठ्याने म्हणा. काही ठिकाणी अडखळायला होईल: सा-च्या ओळीत 'सि' नसून 'शि' आहे, ता-च्या ओळीत 'चि' आणि 'त्सु' आहेत, हा-च्या ओळीत 'फु' आहे. 'ल' नाहीच, त्याच्या जागी 'र'. जोडाक्षरंही जवळजवळ नाहीत, म्हणून मिल्कचं मिरुकु होतं. 'शि' आणि 'त्सु' ही दोन अक्षरं सारखी दिसतात, 'न्' आणि 'सो' हीसुद्धा. लहानपणी 'घ' आणि 'ध' मध्ये व्हायचा तसाच गोंधळ होतो, आणि तसाच आठ दिवसांत जातो. अक्षरानंतर आडवी रेघ दिसली की आधीचा स्वर लांबवायचा, बस्स.

सरावाला घरातली नावं लिहा. आईने पहिल्याच दिवशी 'आइ' लिहून फ्रिजवर लावलं होतं. दहाव्या दिवशी तिने 'मुन्बाइ' लिहिलं आणि ते मला वाचायला लावलं.

कांजी शिकायची नाही म्हटलं, तरी चार-पाच चित्रं ओळखता येणं गरजेचं आहे. रिकामा चौकोन म्हणजे तोंड किंवा दार. त्याच्या आधी एकावर एक ठेवलेले दोन डोंगर दिसले की 'बाहेर जाण्याचा मार्ग'. डोंगरांच्या जागी दोन पाय फाकवून उभी असलेली आकृती दिसली की 'प्रवेश'. वर चार खणांची खिडकी आणि खाली वाकवलेला हात, हे पुरुषांचं. पायांची अढी घालून बसल्यासारखी आकृती स्त्रियांची. गरम पाण्याच्या स्नानगृहात दारावर नुसते पडदे असतात. बहुतेक ठिकाणी लाल बायकांचा आणि निळा पुरुषांचा असतो, पण रंगावर विसंबू नका, चित्र बघा.

तिसरी पायरी: वाक्यं, तीही मोजकीच

जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच. प्रत्यय नामाच्या मागे लागतात, आपल्यासारखेच. आणि प्रश्न विचारायचा असेल तर वाक्याच्या शेवटी काय लावायचं? 'का'! हे उदाहरण पाहा:

कोनो देन्शा वा क्योतो नि इकिमासु का?

ही ट्रेन क्योटोला जाते का?

कोनो म्हणजे ही, देन्शा म्हणजे ट्रेन, नि म्हणजे ला, इकिमासु म्हणजे जाते, आणि का म्हणजे का. मधला 'वा' कशाबद्दल बोलतोय ते दाखवतो. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला सगळं वाक्य उलटं करावं लागतं. आपल्याला फक्त शब्द बदलायचे आहेत. 'मिझु आरिमासु का?' म्हणजे 'पाणी आहे का?' त्यात मिझुच्या जागी हवी ती वस्तू घाला. 'ने' हा त्यांचा शब्द तर अगदी आपल्या 'ना'च्या जागी येतो: ओइशी देसु ने, चविष्ट आहे ना. देसु, मासु यांतला शेवटचा 'उ' बहुतेक वेळा गिळतात, म्हणजे लिहिताना देसु आणि बोलताना देस्.

एवढं पाठ करा:

- सुमिमासेन: अहो, जरा ऐकता का, माफ करा, तुम्हाला त्रास झाला. तिन्हीसाठी हाच शब्द. दिवसातून पन्नास वेळा लागतो.
- कोरे, कुदासाइ: हे द्या. बोट दाखवून म्हणायचं.
- हितोत्सु, फुतात्सु: एक, दोन. जेवण मागवताना नुसते आकडे (इचि, नि) न म्हणता हे म्हणायचं.
- तोइरे वा दोको देसु का: स्वच्छतागृह कुठे आहे?
- इकुरा देसु का: कितीला?
- दाइजोबु देसु: ठीक आहे, राहू द्या, नको.
- आरिगातो गोझाइमासु: आभारी आहे.

प्रश्न विचारताना एक पथ्य पाळा. ज्याचं उत्तर आपल्याला समजणार नाही असा प्रश्न विचारू नका. "इनारीच्या देवळाला कसं जायचं?" विचारलंत तर समोरचा आपुलकीने दोन मिनिटं समजावून सांगेल आणि तुमच्या पदरी काही पडणार नाही. त्याऐवजी समोर उभ्या गाडीकडे बोट दाखवून "ही जाते का?" विचारा. उत्तर हो किंवा नाही, तेवढंच यायला हवं.

चौथी पायरी: कागदाच्या चिठ्ठ्या

फोन आहे तर कागद कशाला, असं मलाही वाटत होतं. पण खानावळीतल्या आजींना छोट्या स्क्रीनवरचं वाचता येत नाही, मध्येच स्क्रीन बंद होते, आणि आपला फोन परक्याच्या हातात देताना दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. मोठ्या अक्षरातली, लॅमिनेट केलेली चिठ्ठी कुणीही हातात घेतं, आत स्वयंपाकघरात नेऊन दाखवतं. अशा तीन चिठ्ठ्या जपानी लिपीत करून घ्या: हॉटेलचं नाव-पत्ता-फोन, खाण्याची पथ्यं, आणि आजार व चालू औषधं. पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ आहेत. कुणाकडून तरी तपासून घ्या, निव्वळ यंत्राच्या भरवशावर छापू नका.

हॉटेलची चिठ्ठी विशेष जपा. जपानमध्ये बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात. पत्ता म्हणजे वस्ती, तिचा विभाग, त्यातला ठोकळा आणि त्या ठोकळ्यातलं घर, असे आकडे. टॅक्सीवाल्याला तोंडी सांगणं शक्यच होत नाही. चिठ्ठी दाखवा, तो फोन नंबरवरूनही नकाशात जागा काढतो. टॅक्सीचं दार मात्र ओढू नका, ते चालक आतून उघडतो.

फोनवर भाषांतराचं ॲप हवंच. निघण्याआधी जपानी आणि इंग्रजी दोन्ही भाषा उतरवून ठेवा, म्हणजे नेटवर्क नसतानाही चालतात. कॅमेऱ्यातून छापील मजकूर बऱ्यापैकी वाचला जातो, फळ्यावर हाताने लिहिलेला उभा मेन्यू मात्र फसतो. यंत्राला वाक्य देताना शाळेतल्या निबंधासारखं सरळ द्या. "आईला गोड चालत नाही" लिहिलंत तर आईचे पाय दुखतात असाही अर्थ निघू शकतो. "माझ्या आईला मधुमेह आहे. कृपया साखर घालू नका." असं लिहा. आणि निघालेलं जपानी उलटं मराठीत किंवा इंग्रजीत करून बघा. अर्थ तोच आला तरच दाखवा.

बॅग भरताना

तिथले प्लग दोन चपट्या पात्यांचे, वीज १०० व्होल्टची. फोनचे चार्जर चालतात, नुसता ॲडॅप्टर लागतो. आपली पाणी तापवायची किटली मात्र धड तापत नाही. हॉटेलच्या खोलीत बहुधा किटली असतेच.

औषधांच्या बाबतीत निष्काळजीपणा करू नका. स्यूडोएफेड्रीन १० टक्क्यांहून जास्त असलेली औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत, आणि सर्दीच्या काही गोळ्यांत ते असतं. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांवरही मर्यादा आहे. पाकिटावरचे घटक वाचा, डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी बरोबर ठेवा. डॉक्टरांनी दिलेली औषधं महिन्याभरापेक्षा जास्त दिवसांची न्यायची असतील तर आधी परवानगी काढावी लागते.

खाऊ न्या: चिवडा, मेतकूट, कोरडी चटणी. ताजी फळं, कढीपत्ता, कोणत्याही रूपातलं मांस नको.

उतरल्यावर

'व्हिजिट जपान वेब' या सरकारी संकेतस्थळावर घरूनच माहिती भरा. त्यातून मिळणारा क्यूआर कोड विमानतळावर दाखवला की फॉर्म भरण्याची धांदल वाचते. मग लगेच प्रवासाचं कार्ड घ्या. टोकियोत सुइका किंवा पासमो, ओसाका-क्योटोकडे इकोका, पर्यटकांसाठी २८ दिवस चालणारं वेलकम सुइकाही आहे. कोणतंही एक घेतलं तरी बहुतेक मोठ्या शहरांत ट्रेन, मेट्रो, बस, अगदी पाण्याच्या बाटलीचं मशीनसुद्धा त्यावर चालतं. भाषा न येणाऱ्याला हे कार्ड म्हणजे मोठा दिलासा आहे, कारण तिकीट मागावंच लागत नाही. कार्ड दारावर टेकवा आणि पुढे व्हा.

रोख पैसे तरीही लागतात. सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या एटीएमवर इंग्रजी असतं आणि परदेशी कार्ड चालतं. नाणी ओळखायला शिका. सगळ्या नाण्यांवर आकडा आहे, एकावर नाही. मध्ये भोक असलेलं, पितळी रंगाचं, भाताची लोंबी कोरलेलं नाणं म्हणजे ५ येन. भोक ५० येनलाही असतं, पण ते चंदेरी आणि त्यावर आकडा. देवळात ५ येनच टाकतात, कारण 'गोएन' या उच्चाराचा दुसरा अर्थ ऋणानुबंध. दुकानात पैसे हातात द्यायचे नाहीत, समोरच्या छोट्या ताटलीत ठेवायचे. टीप कुठेही द्यायची नाही.

गाडीत चढताना

स्टेशनांची नावं आठवण्याचा अट्टहास सोडा, क्रमांक लक्षात ठेवा. मोठ्या शहरांत बहुतेक स्टेशनांना मार्गाचं अक्षर आणि आकडा आहे. टोकियो मेट्रोच्या गिंझा मार्गावर शिबुया जी-१ आणि आसाकुसा जी-१९. गाडीत बसल्यावर आकडा वाढतोय की कमी होतोय एवढं बघितलं तरी दिशा चुकली का ते दोन मिनिटांत कळतं. नकाशाचं ॲप फलाट, भाडं आणि बाहेर पडायचं दारही सांगतं. ते दार नीट बघा. शिंजुकु स्टेशनला दोनशेच्या आसपास दारं आहेत. चुकीच्या दाराने बाहेर पडलात तर अर्धा तास त्यातच जातो.

पण खरी गफलत होते ती गाडीच्या प्रकारात. मुंबईकरांना हे एका शब्दात कळेल: स्लो आणि फास्ट. फुत्सू म्हणजे स्लो, सगळीकडे थांबणारी. काइसोकु फास्ट, क्यूको आणखी फास्ट. तोक्क्यू सगळ्यात वेगवान, तिला पुष्कळ मार्गांवर वेगळं तिकीट लागतं. एकाच फलाटावर, एकाच दिशेला, एकामागून एक येतात. फुशिमी इनारीच्या लाल तोरणांसाठी आम्ही क्योटोहून नारा मार्गाची गाडी पकडली. इनारी दुसरंच स्टेशन, पाच मिनिटांचा प्रवास. पाटीवर 'नारा' वाचलं आणि चढलो. दारं लागली, तोफुकुजी आलं, आणि पुढचं इनारी खिडकीतून सरळ मागे गेलं. गाडी काइसोकु होती. रोकुजिझोला उतरलो. समोरच्या फलाटावर मी एका आजोबांना गाडी दाखवून विचारलं, "कोनो देन्शा वा इनारी नि इकिमासु का?" त्यांनी मान हलवली, पाटीकडे बोट केलं, "फुत्सू, फुत्सू" म्हणाले, आणि ती गाडी जाऊन पुढची येईपर्यंत आमच्याजवळ उभे राहिले. ती आल्यावर आम्हाला दारापर्यंत सोडून मग स्वतःच्या वाटेला लागले.

फलाटावरच्या पाट्या जपानी आणि इंग्रजी अशा आळीपाळीने बदलतात. दहा सेकंद थांबून पूर्ण वाचा. घाईत चढू नका, पुढची गाडी येतेच. शेवटची गाडी मात्र मध्यरात्रीच्या आसपास जाते आणि पहाटेपर्यंत दुसरी नसते. शिंकान्सेनमध्ये लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग असेल तर तोकाइदो (टोकियो-ओसाका) मार्गावर त्यासाठी जागा आधी राखून ठेवावी लागते. टोकियोहून क्योटोला जाताना 'ई' अक्षराची खिडकीजवळची जागा मागा. आकाश मोकळं असेल तर पाऊण तासाने उजवीकडे फुजी दिसतो.

खाणं

शाकाहारी माणसासाठी सगळ्यात अवघड भाग हाच, म्हणून इथे जरा थांबू.

जपानी स्वयंपाकाचा पाया 'दाशी' आहे. वाळवून खिसलेला बोनिटो मासा, म्हणजे कात्सुओबुशि, आणि कोम्बु नावाचं समुद्री शेवाळ यांचं हे पाणी. सूपमध्ये, नूडल्सच्या रश्शात, भाजीत, सॉसमध्ये ते असतं. आपल्याकडे फोडणीत हिंग पडलं हे कुणी वेगळं सांगत नाही, तसंच तिथे दाशीचं आहे. म्हणून "मांस नको" म्हटलंत तर समोरचा खऱ्या मनाने मासळीचं पाणी घातलेली भाजी आणून ठेवेल. 'बेजितारियन' हा शब्द कळतो, पण दाशीही त्यात चालत नाही हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. चिठ्ठीत स्पष्ट लिहा आणि तोंडाने म्हणायलाही शिका:

वाताशि वा निकु तो साकाना ओ ताबेमासेन. दाशी मो ताबेमासेन. तामागो तो ग्यून्यू वा दाइजोबु देसु.

मी मांस आणि मासे खात नाही. दाशीही खात नाही. अंडं आणि दूध चालतं. (अंडं चालत नसेल तर तामागो पहिल्या वाक्यात न्या.)

ही चिठ्ठी ओकायामात कामी आली. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेवरून बेतलं आहे, ती बाग आईला बघायचीच होती, कारण ती रोज त्याच उद्यानात फिरायला जाते. बाग बघून भूक लागली तेव्हा जवळ एक छोटं सोबा नूडल्सचं दुकान होतं. आतल्या आजींनी चिठ्ठी घेतली, चष्मा कपाळावरून खाली घेतला, बोटाने एकेक ओळ वाचली. 'दाशी'पाशी बोट थांबलं. दातांतून श्वास आत ओढत त्यांनी मान तिरकी केली, "चोत्तो..." म्हणाल्या. माझ्या मनात आलं, झालं, उठावं लागणार. पण त्या आत गेल्या आणि थोड्या वेळाने ट्रे घेऊन आल्या. मीठ लावून वळलेले भाताचे दोन गोळे, मुळ्याचं लोणचं, थंड तोफूचा चौकोन. तोफूवर एरवी कात्सुओबुशि भुरभुरवतात. ते भांडं त्यांनी आम्हाला दाखवलं, झाकण लावलं आणि दूर ठेवलं. मग किती झाले ते कॅल्क्युलेटरवर लिहून दाखवलं. आईने "ओइशी देसु ने" म्हटलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात छातीशी धरले.

रोजच्यासाठी मात्र असा योग शोधत बसू नका. पोटापाण्याची सोय कोन्बिनीत होते. सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्ट ही चोवीस तास उघडी दुकानं गल्लोगल्ली आहेत. उमे, म्हणजे खारट आलुबुखारा घातलेला ओनिगिरी (भाताचा गोळा), फळं, दही, शेंगदाणे मिळतात. काउंटरवर दोन प्रश्न हमखास येतात. 'फुकुरो' ऐकू आलं की पिशवी हवी का विचारताहेत, तिचे पैसे पडतात. 'आतातामे' ऐकू आलं की गरम करून देऊ का. हवं असेल तर "हाइ", नको असेल तर "दाइजोबु देसु".

मोठ्या शहरांत भारतीय हॉटेलं भरपूर आहेत, बरीचशी नेपाळी मंडळी चालवतात, तिथे हिंदी चालून जातं. कोको इचिबान्या या करीच्या साखळीत काही शाखांत शाकाहारी करी मिळते, सगळ्यांत नाही. दारात प्लास्टिकचे हुबेहूब पदार्थ मांडलेले असतात. आतल्या माणसाला बाहेर बोलावून बोट दाखवलं तर कुणी रागावत नाही. काही ठिकाणी दाराशी मशीनमधून तिकीट काढून ते स्वयंपाक्याला द्यायचं असतं. त्यावर इंग्रजीचं बटण आहे का ते आधी शोधा. पाणी सगळीकडे फुकट आणि नळाचं पिण्याजोगं.

आणि एक रात्र कोयासानला राहा. कुकाई या भिक्षूने ८१६ मध्ये स्थापलेलं हे डोंगरावरचं मठांचं गाव आहे. मठांत मुक्कामाची सोय असते आणि जेवण 'शोजिन र्‍योरी', भिक्षूंचं शाकाहारी. चिठ्ठी दाखवायचीही गरज पडत नाही. सकाळी ओकुनोइनच्या स्मशानात चालून या. उंच देवदारांखाली शेवाळलेल्या दगडी स्तूपांवर सिद्धम् अक्षरं कोरलेली आहेत, पंचमहाभूतांची पाच: अ, व, र, ह, ख. आईने एका दगडावरचं 'अ' बोटाने गिरवून पाहिलं.

'नाही' कसं ओळखायचं

जपानी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. "चोत्तो..." म्हणून वाक्य अर्धवट सोडलं, दातांतून श्वास ओढला, मान तिरकी केली, तर उत्तर बहुतेक नाही असं धरा आणि आग्रह करू नका. चेहऱ्यासमोर हात पंख्यासारखा हलवला तर नाही. दोन्ही हातांची फुली केली तर स्पष्ट नाही, बंद आहे, चालणार नाही. उलट, तुम्ही बोलत असताना ते सारखं "हाइ, हाइ" म्हणतात, त्याचा अर्थ होकार नव्हे. आपण गोष्ट ऐकताना 'हं, हं' म्हणतो तसं ते आहे.

काही बिघडलं तर

पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिका आणि आगीसाठी ११९. पर्यटकांसाठी चोवीस तास इंग्रजीतून बोलणारी मदतवाहिनी आहे: ०५०-३८१६-२७८७. हा नंबर चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवा. भूकंपाची सूचना आली की सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजतात आणि पडद्यावर जपानी मजकूर येतो. 'जिशिन' म्हणजे भूकंप. अशा वेळी वाचत बसू नका, आजूबाजूचे लोक करतील तसं करा. 'सेफ्टी टिप्स' नावाचं ॲप हीच सूचना इंग्रजीत देतं, ते निघण्याआधीच घ्या.

रस्ता चुकला किंवा वस्तू हरवली तर कोबानमध्ये जा, म्हणजे चौकातल्या छोट्या पोलीस चौकीत. गाडीत काही राहिलं असेल तर स्टेशनच्या खिडकीशी एक शब्द पुरतो: वासुरेमोनो. 'वासुरे' म्हणजे विसरणं, 'मोनो' म्हणजे वस्तू. आपल्या 'विसरणं'शी त्याचं नातं नाही, पण लक्षात ठेवायला याहून सोपं काय असणार! आईची शाल गाडीतल्या फळीवर राहिली होती. मी खिडकीशी "वासुरेमोनो" म्हटलं, गाडीची वेळ कागदावर लिहिली, आणि आईने शालीच्या काठावरची कोयरी काढून दाखवली. त्या माणसाने चित्राकडे बघत दोन फोन केले, भिंतीवरच्या घड्याळात चाळीस मिनिटं पुढे बोट ठेवलं आणि बाकाकडे हात केला. चाळीस मिनिटांनी पुढच्या गाडीचा गार्ड खाली उतरला, हातात कागदी पिशवी होती. घडी घातलेल्या शालीवर आईच्या चित्रातल्यासारखीच कोयरी वर आली होती.